समुद्रातल्या अपघातानंतर : चौकशी कोण करतं, भरपाई कुठे मागायची आणि मुदती कशा सांभाळायच्या

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या परिसरात ‘पापा-३०५’ ही कामगारांच्या राहण्याची बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी बोट, बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती, त्यातली १८६ वाचली. त्याच वादळात ‘वरप्रदा’ ही टग, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणारी बोट, बुडाली. तिच्यावरच्या १३ जणांपैकी दोघेच जिवंत हाती लागले. पुढे कित्येक दिवस रायगडच्या किनाऱ्यापासून वलसाडपर्यंत मृतदेह लागत राहिले आणि ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. पेट्रोलियम मंत्रालयाने उच्चस्तरीय समिती नेमली, मुंबईच्या यलो गेट पोलिसांनी गुन्हा नोंदवला, ठेकेदार कंपनीने मदतीची रक्कम जाहीर केली.

एवढं सगळं एकदम सुरू झालं की घरच्यांना वाटतं, सरकार चौकशी करतंय, अहवाल आला की आपलाही निकाल लागेल. कामगारांच्या भरपाईच्या प्रकरणांत कागद जमवायला मदत करताना हा समज मला जवळपास प्रत्येक घरात भेटला आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होतं. समितीच्या अहवालातून वारसाच्या खात्यावर पैसे जमा होत नाहीत. आरोपपत्र दाखल झालं म्हणून भरपाई मिळत नाही. भरपाईसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत चौकशी चालू असली तरी संपत राहते. म्हणून हा लेख कुटुंबांसाठी आणि वाचलेल्या कामगारांसाठी, कामं ज्या क्रमाने अंगावर येतात त्या क्रमाने लिहिला आहे.

आधी ठरवा : अपघात नेमका कशावर झाला

‘ऑफशोअरला अपघात झाला’ एवढ्याने भागत नाही. माणूस त्या क्षणी प्लॅटफॉर्मवर होता, रिगवर होता, बार्जवर होता की हेलिकॉप्टरमध्ये, यावर चौकशी करणारं खातं बदलतं.

तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर किंवा रिगवर काही घडलं तर सुरक्षेची जबाबदारी ओआयएसडी, म्हणजे ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डिरेक्टोरेटकडे असते. समुद्रातल्या कामांच्या सुरक्षेसाठी २००८ साली केंद्राने नियम केले, त्यात हीच संस्था सक्षम प्राधिकारी आहे. जहाज, टग किंवा बार्ज असेल तर नौवहन महासंचालनालय, म्हणजे आपण ज्याला डीजी शिपिंग म्हणतो ते, आणि त्याच्या हाताखालचा मर्कंटाइल मरीन विभाग. हेलिकॉप्टर पडलं तर विमान अपघात अन्वेषण ब्युरो. १३ जानेवारी २०१८ ला पवन हंसचं हेलिकॉप्टर मुंबईजवळ समुद्रात पडलं आणि दोन वैमानिकांसह त्यातले सातही जण गेले. २८ जून २०२२ ला ‘सागर किरण’ रिगजवळ दुसरं पडलं, त्यात नऊपैकी चार गेले. अशा प्रकरणांचे अहवाल ब्युरो जाहीर करतो आणि ते वाचायला मिळतात. पण या ब्युरोचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच असतो; दोष कोणाचा हे ठरवणं त्याच्या कामात बसत नाही, हे त्याच्या नियमांतच लिहिलेलं आहे.

कधी कधी सगळंच एकमेकांत गुंतलेलं असतं. २७ जुलै २००५, म्हणजे मुंबईच्या महापुराचा दुसरा दिवस. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या हाताची बोटं कापली. हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज बॉम्बे हाय नॉर्थच्या अगदी जवळ नेलं. ते वायू वर आणणाऱ्या राइझर पाइपवर आदळलं, गळती झाली, आग लागली आणि काही तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. २२ जण गेले. जहाजही पेटलं आणि काही दिवसांनी बुडालं. तिथे जहाजाची चौकशी एक आणि प्लॅटफॉर्मची दुसरी, अशी दोन्ही खाती आलीच. २००८ च्या नियमांमागे हा अपघात आहे. चौकशीतून पुढच्या पिढीच्या कामगारांचे जीव वाचतात, त्यामुळे ती नीट व्हावी म्हणून आवाज उठवायलाच हवा. फक्त तिच्या भरवशावर स्वतःचा दावा थांबवू नका.

पहिले पंधरा दिवस : कागद आणि माणसं

पहिल्या पंधरवड्यात जे हाती येतं ते पुढे वर्षभर फिरूनही मिळत नाही. वाचलेले कामगार या काळात एकाच हॉस्पिटलात किंवा कंपनीने घेतलेल्या हॉटेलात असतात. नंतर कोणी झारखंडला, कोणी केरळला, कोणी उत्तर प्रदेशात आपापल्या गावी पांगतो. तेव्हा आपल्या माणसाच्या केबिनमध्ये कोण होतं, शेवटचं कोणी पाहिलं, त्यांची नावं, गावं आणि घरचे फोन नंबर वहीत उतरवून घ्या. समुद्रात मोबाइल गेलेला असतो, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर घ्याच.

नोकरीचा पुरावा हा दुसरा मोठा प्रश्न. यात कित्येक माणसं पोटठेकेदाराच्या पोटठेकेदाराकडून गेलेली असतात. नेमणूकपत्र नसतं, पगाराची पावती नसते. तरी माणूस तिथे होता हे सिद्ध करणारे माग राहिलेले असतात. कामावर बोलावणारा व्हॉट्सॲप मेसेज, ऑफशोअरला जाण्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी, पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, जेट्टीचा गेट पास, हेलिकॉप्टरची प्रवासी यादी, बँकेत जमा झालेला पगार. सर्वांत भक्कम म्हणजे पीओबी, बोटीवर त्या दिवशी असलेल्या माणसांची यादी. ती रोज बनते आणि कंपनीकडे असते. तिची प्रत लेखी मागा, तोंडी मागू नका.

घरी आलेले व्हॉइस मेसेज आणि व्हिडिओ डिलीट होणार नाहीत याची काळजी घ्या. ‘वारा वाढलाय, अँकर तुटलेत, अजून हलवत नाहीत’ असा एखादा मेसेज पुढे सर्वांत मोलाचा ठरू शकतो. फोन बदलू नका, मूळ फोन जपून ठेवा आणि दोन ठिकाणी कॉपी करून घ्या. हवामान खात्याने कोणत्या दिवशी कोणता इशारा दिला होता तेही उतरवून ठेवा. हे इशारे सार्वजनिक असतात.

मृतदेह ताब्यात घेताना पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. त्यात अंगावर लाइफ जॅकेट होतं का, त्याचे पट्टे शाबूत होते का, शिट्टी आणि दिवा होता का, त्यावर कोणत्या बोटीचं नाव छापलं होतं, हे लिहिलं आहे का ते पाहा. नसेल तर लिहायला सांगा. ‘पापा-३०५’ वरून वाचलेल्यांनी सांगितलं होतं की तराफे पंक्चर निघाले. अशा वेळी सुरक्षेच्या सामानाची अवस्था हा प्रकरणाचा कणा होतो, आणि जॅकेट एकदा मुद्देमालात गेलं किंवा फेकलं गेलं की त्याबद्दल बोलणारा फक्त पंचनामा उरतो. शवविच्छेदनाचा अहवाल आणि रासायनिक तपासणीचा अहवाल वेगवेगळ्या वेळी येतात. दोन्ही मागायचे.

पोलीस ठाणं आणि ‘आमची हद्द नाही’

मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर आहे. प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांवर, म्हणजे २२ किलोमीटरच्या आसपास संपतो. त्यामुळे स्थानिक ठाण्यात गेलं की पहिलं वाक्य हद्दीचं ऐकू येतं. केरळच्या किनाऱ्याजवळ इटालियन जहाजावरून मच्छीमारांवर झालेल्या गोळीबाराच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या पोलिसांचा अधिकार प्रादेशिक समुद्रापलीकडे पोचत नाही, तिथे केंद्राचा अधिकार चालतो, असं म्हटलं होतं. म्हणजे प्रश्न खरा आहे, पण तो सोडवण्याचं काम सरकारचं आहे, विधवा बाईचं नाही. भारतीय फौजदारी कायदा २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात लागू होतो, त्याची अधिसूचना १९८१ पासून आहे. व्यवहारात मुंबई हायच्या घटना मुंबई पोलिसांच्या बंदर विभागातल्या यलो गेट ठाण्यात जातात.

गावातल्या ठाण्यात शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता, गुन्हा नोंदवून घेता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. सुरुवातीला बहुधा फक्त अकस्मात मृत्यूची नोंद होते. तेवढ्यावर थांबू नका. ‘पापा-३०५’ मध्येही गुन्हा दाखल झाला तो वाचलेल्या कर्मचाऱ्याच्या फिर्यादीनंतर, आणि सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली. आता भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूसाठी कलम १०६ आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धोका माहीत असूनही तो पत्करला गेला असेल तर कलम १०५ लागू शकतं आणि ते बरंच जड आहे. कोणतं कलम लागतं हे इशारे कधी आले आणि निर्णय कोणी घेतला यावर ठरतं, म्हणून वरचे मेसेज इतके महत्त्वाचे.

तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवली नाही तर लेखी विचारा.

जबाब देताना

वाचलेल्या कामगारांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस पोलीस नसतो. कंपनीचा सेफ्टी अधिकारी, विमा कंपनीचा सर्व्हेअर, जहाजमालकाच्या विमा संघटनेचा, म्हणजे पी अँड आय क्लबचा प्रतिनिधी, डीजी शिपिंगचा अधिकारी, सगळे ‘चौकशीला आलोय’ असंच म्हणतात. आधी नाव, पद आणि कोणाकडून आला ते विचारा आणि लिहून ठेवा. सरकारी अधिकाऱ्याला खरं ते सांगायचंच. खाजगी प्रतिनिधीला जबाब द्यायची तुमच्यावर सक्ती नाही. द्यायचा असेल तर घरच्या माणसाला किंवा वकिलाला सोबत बसवा आणि प्रत घ्या.

पोलिसांसमोरच्या जबाबावर सही करावी लागत नाही, कायद्याने तशी सही घ्यायचीच नसते. जबाब कोणत्या भाषेत लिहिला जातोय ते पाहा. तुम्ही भोजपुरीत बोललात आणि समोरच्याने इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या, तर त्या तुमच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. माहीत नसलेली गोष्ट ‘असेल’ म्हणून भरू नका. अंदाजाने सांगितलेली वेळ पुढे उलटतपासणीत तुमच्याच अंगावर येते.

हॉस्पिटलचे सगळे कागद जपा. बारा-चौदा तास पाण्यात काढलेल्या माणसाला महिन्यांनंतरही झोप लागत नाही, आंघोळीचं पाणी अंगावर घेववत नाही. हेसुद्धा दुखणं आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे जा आणि केसपेपर ठेवा. उपचाराचा आणि पुराव्याचा मार्ग तोच आहे.

समित्यांचे अहवाल मिळवायचे कसे

ओआयएसडी, डीजी शिपिंग, पेट्रोलियम मंत्रालय आणि ओएनजीसी हे चारही माहिती अधिकार कायद्याखाली येतात. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. ‘अपघाताची सगळी माहिती द्या’ असं लिहिलं तर नकार हमखास. नेमका कागद मागा : त्या बार्जचं शेवटचं तपासणी प्रमाणपत्र, हवामानाच्या इशाऱ्यांवर झालेला पत्रव्यवहार, चौकशी समितीची कार्यकक्षा आणि अहवालाची तारीख. तपासात अडथळा येईल म्हणून नाकारलं तर अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं. अपिलात हाच मुद्दा घ्या.

जहाजाच्या अपघातात प्राथमिक चौकशीनंतर गरज वाटली तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे औपचारिक चौकशी होऊ शकते, अशी १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याची रचना आहे. त्याच्या जागी २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. तुमच्या अपघाताच्या तारखेला कोणता लागू होता हे वकिलाकडून पाहून घ्या.

खलाशी होता की प्रोजेक्टचा कामगार?

या प्रश्नाच्या उत्तरावर पुढची सगळी वाट ठरते. एकाच बार्जवर दोन जातीची माणसं असतात. एक बोट चालवणारी : कॅप्टन, इंजिनिअर, डेकवरचे खलाशी. यांच्याकडे सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदणीपुस्तक, असतं, करार लायसन्सधारक भरती कंपनीमार्फत झालेला असतो, आणि भारताने २०१५ साली स्वीकारलेला सागरी कामगार करार त्यांना लागू असतो. त्यात मालकाने मृत्यू आणि अपंगत्वाच्या भरपाईची आर्थिक हमी ठेवावी लागते आणि करारात ठरलेली रक्कम विनाविलंब, पूर्ण द्यावी लागते. कमी रकमेवर राजी करायला दबाव आणता येत नाही. हमी कोणत्या क्लबची आहे ते प्रमाणपत्र बोटीवर लावलेलं असतं. भरती कंपनीकडून त्याची प्रत मागा.

दुसरी माणसं म्हणजे वेल्डर, फिटर, रिगर, पेंटर, कॅटरिंगवाले. पाण्यावर महिनोन्‌महिने राहूनही कागदावर ते खलाशी नसतात. त्यांचा आधार म्हणजे कर्मचारी भरपाई कायदा, १९२३, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिता. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा धरून चाला. ईएसआयचं कार्ड असेल तर मात्र दावा ईएसआयकडे जातो, दोन्हीकडे मागता येत नाही.

१९२३ चा कायदा खलाशांनाही लागू आहे, पण त्यांच्यासाठी मुदत वेगळी. सर्वसाधारण कामगारासाठी दोन वर्षं; खलाशाच्या मृत्यूचा दावा बातमी कळल्यापासून एका वर्षात. माझा सल्ला सरळ आहे : कोणीही असो, वर्षाच्या आत अर्ज दाखल झालेला असावा.

भरपाईचा हिशेब

मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर अर्ध्याऐवजी साठ टक्के. ३ जानेवारी २०२० पासून पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरली जाते, प्रत्यक्षात पगार चाळीस हजार असला तरी. नव्या संहितेखाली ही मर्यादा आज किती आहे ते अर्ज करताना तपासा.

पस्तीस वर्षांचा वेल्डर घेऊ. त्या वयाचा गुणक १९७.०६. पंधरा हजारांचे अर्धे साडेसात हजार. ७,५०० गुणिले १९७.०६ म्हणजे १४,७७,९५० रुपये. पंचवीस वर्षांच्या मुलासाठी गुणक २१६.९१, रक्कम १६,२६,८२५.

ही रक्कम अपघाताच्या दिवशीच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी ठरवून दिलं आहे. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज. वरच्या वेल्डरच्या घरच्यांसाठी एका वर्षाचं व्याज १,७७,३५४ रुपये होतं. उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो आणि तो विमा कंपनीवर न ढकलता मालकाने स्वतः भरायचा असतो. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही स्पष्ट शब्दांत मागा. मागितलं नाही म्हणून मिळालं नाही, अशी प्रकरणं कमी नाहीत.

अर्ज कोणाविरुद्ध करायचा? साखळीतल्या सगळ्यांविरुद्ध : पोटठेकेदार, मुख्य ठेकेदार, बार्जचा मालक, काम देणारी मूळ कंपनी आणि विमा कंपनी. कायद्याचं कलम १२ मूळ कंपनीला जबाबदार धरतं, तिने ते पुढे ठेकेदाराकडून वसूल करावं. पोटठेकेदार महिन्याभरात ऑफिस बंद करून गायब होऊ शकतो, मूळ कंपनी कुठे जात नाही.

कुठे करायचा? वारस जिथे राहतात तिथल्या कर्मचारी भरपाई आयुक्ताकडेही चालतो. अलिबागच्या बाईला मुंबईला आणि सिवानच्या आईला अलिबागला हेलपाटे घालायची गरज नाही. महाराष्ट्रात बहुतांश ठिकाणी हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहत आले आहेत. नव्या संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ म्हटलं आहे, त्यामुळे जिल्ह्यात आता कोणाकडे जायचं ते कामगार कार्यालयात विचारा.

रीतसर अर्ज तयार व्हायला वेळ लागणार असेल तर त्याआधी एक साधं पत्र द्या. जुन्या कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे मृत्यूची माहिती मिळाली की आयुक्त मालकाला नोटीस काढून तीस दिवसांत निवेदन मागवू शकतात. पत्र एवढंच पुरे : ‘माझे पती अमुक हे तमुक ठेकेदाराकडे वेल्डर म्हणून काम करीत होते. दिनांक अमुक रोजी तमुक बार्जवर झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. मालकाकडून मृत्यूच्या परिस्थितीचं निवेदन मागवावं व भरपाईची रक्कम आपल्या कार्यालयात जमा करून घ्यावी, ही विनंती.’ खाली सही, पत्ता, फोन. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

टेबलावर ठेवलेला कागद

अंत्यसंस्कार झाल्यावर आठ-दहा दिवसांत कंपनीचा माणूस येतो. वागायला चांगला असतो, सोबत चेक असतो आणि एक कागद. इंग्रजीतल्या त्या कागदात बहुधा खालच्या बाजूला एक ओळ असते : ही रक्कम सर्व दाव्यांपोटी अंतिम म्हणून स्वीकारली असून यापुढे कंपनी, जहाजमालक, त्यांचे प्रतिनिधी व विमा कंपनी यांच्याविरुद्ध कोणताही दावा करणार नाही. सगळा डाव त्या ओळीत आहे.

पैसे नाकारू नका. घरात चूल पेटायला हवी, पोरांची फी भरायला हवी. पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने, मराठीत, लिहा : ‘रक्कम कायदेशीर हक्क अबाधित ठेवून स्वीकारली.’ लिहू देत नसतील तर सही करू नका आणि चेकसाठी नुसती पोचपावती द्या. सागरी करारातल्या पावतीच्या नमुन्यातही हक्क अबाधित असल्याचं वाक्य आहे, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

कायदा इथे कुटुंबाच्या बाजूने ठाम उभा आहे. १९२३ च्या कायद्यानुसार मृत्यूची भरपाई आयुक्ताकडेच जमा करावी लागते. मालकाने परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. अपवाद फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतक्या आगाऊ रकमेचा. हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दच असतो. २०२१ मध्ये ठेकेदार कंपनीने जाहीर केलेली ३५ ते ७५ लाखांची मदत कायद्याच्या आकड्यापेक्षा मोठी होती, आणि असं मोठं पॅकेज समोर आलं तर ते घेण्यात शहाणपण असू शकतं. पण त्यात कायद्याची भरपाई किती, विमा किती, सानुग्रह किती, हे वेगवेगळं लिहून मागा. सासरची माणसं आणि सून यांच्यातले पुढचे वाद बरेचसे या एका तक्त्याने टळतात. नॉमिनी म्हणून नाव असलं म्हणजे भरपाई त्याचीच होते असंही नाही. आयुक्त ती अवलंबितांमध्ये वाटतात, आणि विधवा व लहान मुलं त्यात पहिली येतात.

उच्च न्यायालय आणि बोटीची अटक

मालकाचा निष्काळजीपणा ढळढळीत असेल आणि माणसाची कमाई मोठी असेल, तर दिवाणी दावा करून याहून खूप जास्त मागता येतं. पण दिवाणी न्यायालयात दावा टाकला की १९२३ च्या कायद्याखालचा मार्ग बंद होतो आणि मृत्यूच्या दिवाणी दाव्यालाही दोनच वर्षं असतात. हा निर्णय पहिल्याच महिन्यात वकिलासोबत बसून घ्यावा.

सागरी दाव्यांसाठी २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा आहे. त्यात ‘जहाज’ या शब्दात बार्ज, इंजिन नसलेली बोट, ऑफशोअर उद्योगाचं फिरतं युनिट, इतकंच काय बुडालेली बोट आणि तिचे अवशेषही येतात. जीवितहानीसाठी मुंबई उच्च न्यायालय बोट अटकेत ठेवू शकतं, म्हणजे तारण दिल्याशिवाय ती बंदरातून हलत नाही. परदेशी मालक असेल तर दुसरं काही हाती नसताना हेच उरतं. वसुलीच्या क्रमात खलाशांचा पगार पहिला आणि त्यामागोमाग जीवितहानीचा दावा, बँकेच्या गहाणाच्या आधी. मात्र जीवितहानीचा हा प्राधान्याचा हक्क वर्षभरात बोट अटकेत आली नाही तर संपतो.

मृतदेह सापडलाच नाही तर

याहून कठीण परिस्थिती नाही. सात वर्षं बेपत्ता राहिल्याशिवाय मृत्यू मानता येत नाही, असं कार्यालयात ऐकवलं जातं. तो नियम नुसत्या परागंदा माणसासाठी आहे. बुडालेल्या बोटीवर तो होता हे यादीने सिद्ध होत असेल, तर परिस्थितीजन्य पुराव्यावर दिवाणी न्यायालय सात वर्षांच्या आधीही मृत्यू जाहीर करू शकतं. पीओबी यादी, वाचलेल्यांची प्रतिज्ञापत्रं, तटरक्षक दलाची शोधमोहीम थांबवल्याची नोंद आणि बेपत्ता म्हणून पोलिसांत दिलेली तक्रार, हे चार कागद लागतात. आई-वडील किंवा मुलांचा डीएनए नमुना लगेच देऊन ठेवा आणि त्याची पावती घ्या. लांबच्या किनाऱ्यावर, दुसऱ्या राज्यात लागलेला मृतदेह त्यानेच ओळखला जातो.

विसरली जाणारी रक्कम

पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआय विम्यातून सात लाखांपर्यंत मिळतात, शिवाय विधवेला आणि मुलांना पेन्शन. बँक पासबुकात वर्षाला २० रुपये कापल्याची नोंद दिसली तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे दोन लाख, ४३६ रुपयांची दिसली तर जीवनज्योतीचे आणखी दोन लाख. पासबुक काढून एकेक ओळ वाचा. सुरक्षा विम्याचा दावा महिन्याभरात बँकेत द्यायचा असतो.

परदेशात घडलं तर

रत्नागिरी, रायगडची पुष्कळ मुलं आखातातल्या रिगवर आणि बोटींवर आहेत. तिथे चौकशी त्या देशाची आणि बोटीवर ज्या देशाचा झेंडा त्याची. भारतीय दूतावासाला कळवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका, म्हणजे तक्रारीला क्रमांक मिळतो. भरती भारतातल्या लायसन्सधारक कंपनीने केली असेल तर डीजी शिपिंगकडे तिची तक्रार करा; लायसन्स जाण्याची भीती हाच मोठा दबाव असतो. एमिग्रेशन क्लिअरन्स घेऊन गेलेल्या कामगाराचा प्रवासी भारतीय विमा असतो, अपघाती मृत्यूला दहा लाख. पार्थिव आणताना तिकडचा पोलीस अहवाल आणि मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला सोबत आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

वकील

टक्केवारीवर काम करतो म्हणणारे लोक हॉस्पिटलच्या बाहेरच भेटतात. भरपाईत वाटा ठरवून घेणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. स्त्रियांना, औद्योगिक कामगारांना आणि मोठ्या दुर्घटनेतल्या पीडितांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो; स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. उच्च न्यायालयात जायचं असेल तर तिथली विधी सेवा समिती वेगळी आहे. भेटायला जाताना मृत्यूचा दाखला, एफआयआर, पंचनामा, पासबुक, लग्नाचा किंवा नात्याचा पुरावा आणि वाचलेल्यांच्या नंबरांची ती वही बरोबर न्या. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी अर्ज कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या तारखेपर्यंत दाखल होणार, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.